घडी मोडलेल्या पैठणीचे पैसे परत मिळतात का? सगळे नकोत, फरकाचे हवेत

गोदाकाठची | ३ फेब्रुवारी, रात्री ११

मंडळी, रडगाणं आहे, पण प्रश्न खरा आहे. जाणकारांनी उत्तर द्यावं, बाकीच्यांनी निदान हळहळ व्यक्त करावी.

डिसेंबरात नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. मामीला पैठणीच हवी असा घरात ठराव झाला होता. येवल्याला जायला सवड नव्हती, म्हणून नाशकातल्याच एका दुकानातून घेतली (नाव विचारू नका, सांगणार नाही). आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले, सोबत "ताई, हॅण्डलूम आहे, कारागिराच्या घरून उचललेला पीस" असा निरोप. पोपटी रंग, जांभळे काठ, पदरावर मोर. किंमत २८,५००. बिलावरही स्पष्ट लिहिलंय: 'प्युअर सिल्क पैठणी, हॅण्डलूम, १ नग'.

फॉल-बिडिंग करून घेतलं, लग्नात नेसले, कौतुकही झालं. पंगतीला माझ्या चुलत सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांचं माहेर येवल्याचं, घरात माग होता. जिलबीचा हात पुसून त्यांनी माझ्या पदराचं टोक दोन बोटांत धरलं, उलटं केलं आणि हळूच म्हणाल्या, "सूनबाई, ही हाताची नाही गं." मी पाहिलं तर मोराच्या पाठीमागे कापलेल्या धाग्यांची खुंटं. आठवड्याची दाढी वाढावी तशी. त्यानंतर जेवण काही गोड लागलं नाही.

दुकानात गेले. पहिल्यांदा म्हणाले, "असं होणारच नाही." मग म्हणाले, "हॅण्डलूम म्हणजे हॅण्डलूम फिनिश." मग शेवटचं अस्त्र: "तुम्ही घडी मोडलीत, फॉल लावलात, आता आम्ही ती कोणाला विकणार?" आणि निघताना, "तुम्ही आपल्याच आहात म्हणून २,००० चं व्हाउचर देतो."

तर प्रश्न असा. मला साडी परत करायचीच नाही. रंग आवडलाय, भाचीच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती आहे. पण यंत्रमागाच्या साडीला मी हातमागाचे पैसे मोजलेत. मधला फरक मागायचा हक्क मला आहे, की साडी ठेवली म्हणजे विषय संपला?

झणझणीत | ३ फेब्रुवारी, रात्री ११.२०

'हॅण्डलूम फिनिश' वाचून हसून हसून मेलो. उद्या मटकीची उसळ 'मटण फिनिश' म्हणून विकतील.
हळहळ व्यक्त केली आहे. आता जाणकार येऊ द्या.

अण्णा_सिडको | ४ फेब्रुवारी, सकाळी ७

ताई, माझा अनुभव ऐका आणि शहाण्या व्हा. सागवानी दिवाण घेतला, ४६,००० ला. पावसाळ्यात एका कोपऱ्याचा पापुद्रा सुटला. आत प्लायवूड, वर सागाचा कागदाइतका पातळ थर. भांडलो तेव्हा ५,००० परत दिले आणि एका कागदावर सही घेतली: 'माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.' मी त्या वेळी खूश. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, सागवानी आणि प्लायमधला फरक ५,००० चा असतो का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. व्हाउचर घेऊ नका आणि सही तर मुळीच करू नका.

कलम_बहाद्दर | ४ फेब्रुवारी, दुपारी १.४०

(वकिली करतो, पण हा सल्ला म्हणून नव्हे, गप्पा म्हणून वाचा. कागद न पाहता सल्ला देणाऱ्या वकिलापासून लांबच राहावं.)

ताई, मागता येतो. 'घडी मोडली' हे दुकानदाराचं उत्तर निम्मंच खरं आहे, आणि उरलेला निम्मा भाग तुमच्या बाजूचा आहे.

सगळे जण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उघडतात. त्याच्या कलम ३९ मध्ये ग्राहक आयोग काय काय देऊ शकतो याची यादी आहे: दोष दूर करून देणं, वस्तू बदलून देणं, किंमत व्याजासह परत, नुकसानभरपाई. 'थोडे पैसे परत' असा वेगळा प्रकार त्यात नावानिशी सापडत नाही, म्हणून लोकांना वाटतं की एक तर सगळं मिळेल, नाहीतर काहीच नाही.

तुमचं उत्तर त्याहून जुन्या कायद्यात आहे. वस्तू विक्री कायदा, १९३०. इंग्रजांच्या काळातला, पण आजही चालू. त्याचं कलम १५ म्हणतं की वर्णन सांगून वस्तू विकली असेल तर ती त्या वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे. ही अट आहे. अट मोडली तर तुम्ही माल नाकारू शकता. पण कलम ४२ मध्ये 'स्वीकार' कशाला म्हणायचं ते सांगितलंय: माल तुमच्या ताब्यात आल्यावर तुम्ही तो मालकासारखा वापरलात, किंवा वाजवी मुदतीत नाकारतो असं कळवलं नाहीत, तर तो स्वीकारला असं धरतात. फॉल लावून लग्नात मिरवणं हे मालकासारखं वागणंच झालं. म्हणजे घडी मोडणं हा आपल्याकडचा शब्द कायद्याच्या भाषेत जवळजवळ चपखल बसतो.

आता दुकानदार जे सांगत नाही ते. कलम १३ प्रमाणे स्वीकार झाल्यावर नाकारण्याचा हक्क जातो, पण मोडलेली अट नाहीशी होत नाही. तिला 'हमीचा भंग' समजून वागायचं. आणि हमीचा भंग झाल्यावर पुढे काय, ते कलम ५९ सांगतं: पैसे द्यायचे बाकी असतील तर किंमत तेवढी कमी करून घ्या, दिले असतील तर नुकसानभरपाई मागा. तुम्ही २८,५०० मोजून बसलात, म्हणून तुमच्यासाठी दुसरा रस्ता. घडी मोडल्यावर जातो तो साडी परत करायचा हक्क. फरकाचा हक्क जात नाही.

मग २०१९ चा कायदा कशाला? तर तक्रारीचं दार तो उघडतो म्हणून. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे: व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला त्यात कमी पडणारी वस्तू सदोष. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'कारागिराच्या घरून उचललेला पीस' त्यात आला. शिवाय दर्जा, प्रत, घटक यांविषयी खोटं सांगणं ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा. आणि कलम १०० म्हणतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. त्यामुळे १९३० चं कलम ५९ तक्रारीत बिनधास्त लिहा.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. साडीही हवी आणि २८,५०० ही हवेत, असं लिहाल तर पहिल्याच तारखेला तुमच्याबद्दल मत वाईट होईल. मागणी अशी करा: फरक द्या, ते मान्य नसेल तर साडी परत घ्या आणि पूर्ण पैसे व्याजासह द्या. नीटनेटकी, दोन पर्यायांची.

सायखेडकर | ४ फेब्रुवारी, संध्या. ६

पैठणीचं चालू द्या, पण शेतकऱ्याला हे दर वर्षी भोगावं लागतं. उन्हाळ कांद्याचं बी म्हणून पुडे दिले, पीक आलं तर निम्म्या वाफ्यात डेंगळे (फुलाचे दांडे) आणि जोडकांदे. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने दम धरतो, हा दीड महिन्यात पाझरला. आता फरक कशाचा मागायचा? पुड्याच्या किमतीचा? तो तर किरकोळ. वीस गुंठ्यांचं पीक गेलं त्याचं काय?

कलम_बहाद्दर | ४ फेब्रुवारी, संध्या. ७.१५

सायखेडकर दादा, तुमच्याकडे फरक पुड्याचा नाही, पिकाचा. कलम ५९ चाच पुढचा भाग म्हणतो की किंमत कमी करून घेतली तरी त्यापलीकडचं नुकसान मागायला आडकाठी नाही. आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ सांगतं की भंगातून ओघाने झालेलं नुकसान भरून द्यायचं. चुकीचं बी दिलं की पीक जाणार, यापेक्षा ओघाचं काय असणार?

२०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी मोकळ्या केल्या. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच. आणि सगळं बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही. तरी पुढच्या खेपेला पिशवी, तिच्यावरचं लेबल, पावती आणि मूठभर बी ठेवाच. आणि पीक शेतात उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार देऊन पंचनामा करून घ्या. कांदा उपटून चाळीत गेल्यावर पंचनामा कशाचा करणार?

रविवारपेठी | ४ फेब्रुवारी, रात्री १०.३०

मी साडीचा दुकानदार आहे. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

आधी आमची बाजू. लग्नसराईत निदान चार-पाच साड्या अशा परत येतात की ज्यांना हळदीचा वास येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "घडीसुद्धा मोडली नाही हो." त्यामुळे आमचा पहिला शब्द 'नाही' असतो. त्यात हॅण्डलूम फिनिश वगैरे बोलणारा माणूस मात्र चोर आहे, माझ्या धंद्यातला असला तरी.

पण ताई, पदराची मागची बाजू पाहून निकाल लावू नका. खऱ्या जुन्या पद्धतीच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने (धागा गुंडाळलेली छोटी नळी) हाताने भरतात. एका मोराला दहा-बारा कांड्या लागतात. म्हणून पुढून आणि मागून मोर जवळजवळ सारखाच दिसतो, धागे लोंबत नाहीत. मागे कापलेली खुंटं दिसली, तर एवढंच नक्की की नक्षी कांडीने भरलेली नाही, जॅकार्डवर (नक्षीचे धागे आपोआप उचलणारी यंत्रणा) काढलेली आहे. पण जॅकार्ड हातमागावरही बसवतात! म्हणजे 'हॅण्डलूम' हा शब्द अक्षरशः खरा आणि भाव मात्र खोटा, असंही होऊ शकतं. समोरचा वकील हाच मुद्दा काढेल.

तुम्ही घरी काय बघायचं ते सांगतो. काठाच्या अगदी कडेला बोट फिरवा. हातमागावर कापड ताणून धरायला दोन्ही कडांना टोकदार पट्टी लावतात, तिची बारीक भोकं थोड्या-थोड्या अंतरावर राहतात. मग अंगावरचे बुट्टे पाहा: मापात किंचित इकडेतिकडे आहेत, की छापल्यासारखे एकसारखे? आणि पदराच्या दशांतला एकच धागा काढून जाळा. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर असेल तर वितळून टणक मणी होतो. (दशांतलाच धागा! मागे एका बाईंनी काठाला काडी लावली होती.)

जरीचंही विचारून घ्या. बहुतेक साड्यांत आता 'टेस्टेड' जर असते, तांब्याच्या तारेवरची. त्यात गैर काही नाही, पण चांदीची म्हणून विकली असेल तर तोही फरकच.

गोदाकाठची | ५ फेब्रुवारी, रात्री ९

रविवारपेठी दादा, धन्यवाद. आधी तुमचाच राग आला होता, आता ओसरला.
केलं सगळं. कडेला भोकं नाहीत. बुट्टे इतके एकसारखे की पट्टी लावून मोजले, एक मिलिमीटरसुद्धा फरक नाही. धागा जाळला, वास केसांचा आला, राख झाली. म्हणजे रेशीम आहे, माग यंत्राचा. 'अहो'ंना वाटलं स्वयंपाकघरात काहीतरी करपलं.

आता फरक किती हे कसं काढायचं? आणि तो मी काढलेला आकडा कोणी मानेल का?

झणझणीत | ५ फेब्रुवारी, रात्री ९.१०

पट्टी लावून मोजणारी गिऱ्हाईक! दुकानदाराला देव तारो.

सराफी_नजर | ५ फेब्रुवारी, रात्री ९.४५

फरक काढायची सगळ्यात स्वच्छ पद्धत सोन्यात आहे, कारण तिथे सूत्रच लिहून दिलंय. भारतीय मानक ब्युरोच्या २०१८ च्या नियमांत, नियम ४९. हॉलमार्कच्या दागिन्यात ठशापेक्षा शुद्धता कमी निघाली, तर जेवढी कमी त्याच्या फरकाची दुप्पट रक्कम, वर तपासणीचा खर्च. उदाहरणार्थ १० ग्रॅमच्या बांगडीवर ९१६ चा ठसा (हजारात ९१६ भाग शुद्ध सोनं), तपासणीत निघालं ८७५. कमी ४१, म्हणजे १० ग्रॅममागे ०.४१ ग्रॅम शुद्ध सोनं. त्याची दुप्पट ०.८२ ग्रॅमची किंमत गिऱ्हाइकाची. बांगडी हातात ठेवूनच.
(खरेदी करताना दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक (एचयूआयडी) मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा. दागिना आणि नोंद जुळते की नाही दोन मिनिटांत कळतं.)
पैठणीला ठसा नाही, ही सगळी गोची.

कलम_बहाद्दर | ५ फेब्रुवारी, रात्री ११

साडीला सूत्र नाही, पण तत्त्व तेच. सांगितली तशी असती तर किंमत किती, आहे तशीची किंमत किती, वजाबाकी करा. पहिला आकडा बिलावर छापलेलाच आहे, २८,५००. दुसरा बाजारातून आणा. दोन-तीन दुकानांत जाऊन अशाच, यंत्रमागाच्या, शुद्ध रेशमी साडीचा भाव लेटरहेडवर किंवा निदान कोटेशन म्हणून घ्या. आणि ऐका, त्यातला सगळ्यात जास्त भाव धरा. तुमची मागणी थोडी कमी होईल, पण आकडा फुगवला असं कोणाला म्हणता येणार नाही.

प्रकरण आयोगापुढे गेलं आणि दुकानदार म्हणाला 'हातमागच आहे', तर कलम ३८ खाली आयोग वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. म्हणून साडी ड्रायक्लीनला देऊ नका, पुन्हा नेसू नका, फॉलही उसवू नका. आहे तशी ठेवा.

लेस्टरवासी | ६ फेब्रुवारी, पहाटे ४ (आमची रात्र)

मूळची पंचवटीची, आता इंग्लंडात. इथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात हे नावानिशी आहे. वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू पहिल्या ३० दिवसांत सरळ परत. नंतर दुरुस्ती किंवा बदल, आणि त्यानेही भागलं नाही तर वस्तू ठेवून 'किंमत कमी करून घ्यायचा हक्क'. मी एक सोफा असाच ठेवलाय, लेदर म्हणून दिला, अर्धा रेक्झिन निघाला, ३५ टक्के परत आले. गंमत म्हणजे तुमचा १९३० चा कायदा इथल्याच १८९३ च्या कायद्यावरून बेतलेला. यांनी नवा केला, आपण जुनाच वापरतोय.

अण्णा_सिडको | ६ फेब्रुवारी, सकाळी ७

म्हणजे सोफ्याला ३५ टक्के आणि माझ्या दिवाणाला जेमतेम ११. चहा कडू झाला.

ऑनलाइनवाली | ६ फेब्रुवारी, दुपारी १२

जरा फाटा फोडते. मी अ‍ॅपवरून बदाम मागवले, १ किलोची दोन पाकिटं. एकात मामरा लिहिलं होतं पण निघाले साधे, दुसरं बरोबर. विक्रेता म्हणतो दोन्ही परत करा, नाहीतर काहीच नाही. बरोबरवालं आम्ही फोडून खातोय.

कलम_बहाद्दर | ६ फेब्रुवारी, दुपारी २

पुन्हा १९३०, कलम ३७: मागितलेल्या मालात दुसऱ्या वर्णनाचा माल मिसळून आला, तर बरोबर तेवढा ठेवून बाकीचा नाकारता येतो, किंवा सगळाच नाकारता येतो. निवड तुमची, विक्रेत्याची नाही. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत, जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेत्याने नकार देता कामा नये असं स्पष्ट आहे. अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल. बदाम खा.

गोदाकाठची | ११ फेब्रुवारी, रात्री १०

तीन दुकानं फिरले. कोटेशन मागितल्यावर दोघांनी विचित्र नजरेने पाहिलं, पण दिलं. भाव आले १०,५००, ११,२०० आणि १२,०००. सांगितल्याप्रमाणे १२,००० धरला. फरक १६,५००. पत्र लिहिलंय, टाकते. चुका काढा.

"दि. … रोजी आपल्या दुकानातून बिल क्र. … अन्वये 'प्युअर सिल्क पैठणी, हॅण्डलूम' असे वर्णन केलेली साडी रु. २८,५०० ला घेतली. आपण व्हॉट्सअ‍ॅपवरही ती हातमागाची असल्याचे सांगितले होते (छायाप्रत सोबत). साडी यंत्रमागावर विणलेली असल्याचे दिसून आले आहे. अशा साडीचा बाजारभाव रु. १२,००० असल्याचे सोबतच्या तीन दरपत्रकांवरून दिसते. वर्णनातील फरकापोटी रु. १६,५०० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत. ते मान्य नसल्यास साडी परत घेऊन संपूर्ण किंमत द्यावी. अन्यथा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागेल."

कलम_बहाद्दर | ११ फेब्रुवारी, रात्री १०.५०

उत्तम. 'फसवणूक', 'लबाड' असले शब्द नाहीत हे त्याहून उत्तम. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट आहेत तरी मूळ संभाषण फोनमधून पुसू नका. प्रकरण पुढे गेलं तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र जोडावं लागेल आणि मूळ फोन लागेल.

दरम्यान १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन हुकूम काढू शकत नाही, पण कधीकधी तिच्या नुसत्या फोनने काम होतं. नाही झालं तर आयोग. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लागत नाही, अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येतो, आणि दुकान कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतो. मुदत दोन वर्षं.

वैतागलेला_वादी | १२ फेब्रुवारी, सकाळी ९

सगळं खरं, पण तीन महिन्यांत निकाल असं कायद्यात लिहिलंय ते वाचून हुरळू नका. माझ्या फ्रीजच्या केसला (कुठला जिल्हा ते जाऊ द्या) दोन वर्षं लागली. जिंकलो. फ्रीज तोवर भंगारात गेला होता. तडजोड समोर आली तर अहंकार बाजूला ठेवा.

गोदाकाठची | २४ फेब्रुवारी, रात्री १०.३०

घडामोडी. पत्र पोचल्यावर नवव्या दिवशी दुकानदाराच्या वडिलांचा फोन आला. म्हातारे गृहस्थ, आवाजात अदब. "मुलाचं चुकलं, ताई. दुकानात या, १०,००० रोख देतो."
गेले. चहा आला. मी म्हटलं, फरक १६,५०० चा आहे आणि मला रोख नको, खात्यावर द्या आणि कागद द्या. १४,००० पर्यंत ते चटकन आले. कागदावर गाडी अडली. मी म्हटलं, "सुधारित बिल द्या, 'यंत्रमाग' असं लिहून." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "पैसे न्या, बाई. पण हा शब्द माझ्या पुस्तकात लिहायला लावू नका. पन्नास वर्षं झाली दुकानाला."
मला त्यांचं वाईट वाटलं, हे खरं सांगते. आणि त्याच वेळी हेही वाटलं की मग 'हॅण्डलूम' हा शब्द लिहिताना हात का नाही थरथरला? उद्यापर्यंत वेळ मागून आलेय. काय करू?

रविवारपेठी | २४ फेब्रुवारी, रात्री ११

क्रेडिट नोट मागा, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये त्याची सोयच आहे: दिलेला माल उणा निघाला तर विक्रेता क्रेडिट नोट काढतो, तेवढ्या रकमेवरचा त्याचा करही कमी होतो. त्याचं नुकसान नाही, उलट रोख दिले तर भरलेला कर अंगावर बसतो. हे त्यांच्या हिशेबनिसाला कळेल. आणि कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर थोडं सैल सोडा.

झणझणीत | २४ फेब्रुवारी, रात्री ११.१५

मी असतो तर 'यंत्रमाग' ठळक अक्षरांत लिहून घेऊन फ्रेम केलं असतं. पण मी अविवाहित आहे, मला लग्नांना कोणी पैठणी नेसवत नाही.

गोदाकाठची | २५ फेब्रुवारी, रात्री ९

झालं. १४,००० खात्यावर जमा. क्रेडिट नोट मिळाली, कारणाच्या रकान्यात 'वर्णनातील फरकापोटी'. माझ्याच पत्रातले शब्द उचललेत. 'तक्रार उरली नाही' असं वेगळं लिहून मागितलं तेव्हा मी 'रु. १४,००० मिळाले' एवढंच लिहून सही केली. अण्णा, तुमची आठवण झाली.

अडीच हजार सोडले. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी मनात राग धरावा, धाग्यावर नको.

चुलत सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आता यात थोडी भर घाल आणि माझ्याबरोबर येवल्याला चल. पण साडी नाही बघायची, आधी माग बघायचा."

अण्णा_सिडको | २६ फेब्रुवारी, सकाळी ७

ताई, अभिनंदन. ते पत्र मी उतरवून घेतलंय. 'साडी' खोडून 'दिवाण' केलं. वकीलसाहेब, मी सही करून बसलोय, तरी काही होईल का? घेऊन दोन वर्षं एप्रिलात पुरी होतील.

कलम_बहाद्दर | २६ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

अण्णा, सही केली म्हणजे दार बंदच झालं असं नाही, पण जड नक्की झालं. काय सांगून सही घेतली, तेव्हा आतलं प्लाय पूर्ण दिसलं होतं का, यावर आहे. त्या कागदाचा फोटो टाका, नावं झाकून. आणि एप्रिलची वाट बघू नका.

अण्णा_सिडको | २६ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

मुलगा ऑफिसातून आला की टाकतो. मला फोटो चढवता येत नाही.